विषय: पुण्यातल्या घरातलं शिवणकामाचं सामान आणि विमा

नमस्कार मंडळी,

सासूबाई पुण्यात सिंहगड रोडला तळमजल्यावर राहतात. एक अख्खी खोली गोधड्यांची आहे: शिलाई मशीन, ओव्हरलॉक, कपाटभर खण आणि इरकलचे तुकडे, पैठणीचे सुटे काठ. २०२४ च्या जुलैत तिथल्याच एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हापासून मला घोर लागलाय. इथे न्यू जर्सीत आमच्या घराच्या विम्यात पूर धरत नाहीत, त्याची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तिकडे काय पद्धत आहे? सुईदोऱ्याचा विमा निघतो का?

---

ताई, तिथला हिशोब इथे लावू नका. एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी आहे, आणि तिच्यात आग, भूकंप, पूर मुळातच धरलेले आहेत. घराचा विमा काढला की घरातलं सामान इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप येतं. मशीन, कापड यात बसायला हवं, पण अर्जात ‘शिवणकामाचं सामान’ असं नाव घालून लिहून द्या.

चोरीचं कलम मात्र नीट वाचा. पूर किंवा आगीसारख्या घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरी धरतात. एरवी कुलूप फोडून मशीन नेलं तर काही मिळत नाही, त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. कसर लागून कापड गेलं तर तेही यात नाही.

आणि सासूबाई ऑर्डरी घेतात का? विक्रीचा माल घरगुती सामानात ढकलू नका. धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. कुठली लागू पडेल ते कंपनीकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

---

वरच्या काकांचं सगळं पटलं. मी कोथरूडला क्विल्टिंग करते, म्हणून मोजदादीबद्दल थोडं. मशीनची किंमत सगळ्यांना आठवते, कपाटाची कोणालाच नाही. एकेक कप्पा उघडून व्हिडिओ काढा आणि बोलत जा: “चार मीटर खण, रविवार पेठ, अमुक साल, अमुक भाव.” कापडावर टेप पसरून ठेवली की मीटर वेगळे सांगावे लागत नाहीत. मशीनच्या पाटीवरचा नंबर जवळून घ्या. रविवार पेठेत साध्या चिठ्ठीवर भागवू नका, पक्कं बिल मागा. लेस-मणी एकेकटे किरकोळ वाटतात, पण बेरीज केली की डोळे विस्फारतात. व्हिडिओ आणि बिलं तुमच्याकडे न्यू जर्सीतही ठेवा, पुण्यातला फोनही पाण्यात जाऊ शकतो.

जुन्या पैठण्यांचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दागिने, चांदी, कलाकृती यांना ठरवून घेतलेल्या किमतीचं ऐच्छिक कव्हर मिळतं. पैठण्या त्यात घेता येतील का, हे आधीच लेखी विचारा. भिजलेली पैठणी दुकानातल्या नव्या साडीच्या भावाने मोजली गेली तर पोटात कालवतं.

---

दोघांचे आभार. ऑर्डरी घेतात, दिवाळीआधी बऱ्याच. दीर या रविवारी व्हिडिओ काढतोय, आणि कंपनीला ऑर्डरींचं पत्र मीच लिहिते. पावसाळ्याआधी खालचे दोन कप्पे रिकामे करून कापड माळ्यावर टाकायलाही सांगितलंय.

---

छान. आणि पाणी शिरलंच तर विम्याचं नुकसान तपासणारा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत ओलं कापड फेकू नका. आधी फोटो काढा, मग कंपनीला कळवा आणि मगच वाळत घाला.