मदत हवी आहे: फिल्म क्लबसाठी हॉल

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापुरातले दहा-बाराजण दर रविवारी मिळून पिक्चर बघतो आणि मग चहा घेत तासभर त्यावर बोलत बसतो, तो तास तर मला पिक्चरपेक्षा जास्त आवडतो. १० ऑक्टोबरला डॉ. कोटणीसांची जयंती, चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करणारे हे डॉक्टर आपल्या सोलापूरचेच, म्हणून आधी भैय्या चौकातलं स्मारक बघून मग व्ही. शांतारामबापूंचा १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' सगळ्यांनी एकत्र बघायचा असं ठरलंय. त्या भागात प्रोजेक्टरवाला छोटा हॉल कुणाला माहितीये का? तळमजल्यावरच पाहिजे, आमच्या एका काकांना गुडघ्यामुळं जिना चढवत नाही, मागच्या वेळी बिचारे खालीच बसून राहिले, फार वाईट वाटलं. आणि असं दाखवायला परवानगी कुणाकडून घ्यायची तेपण सांगा प्लीज.