मदत हवी आहे: ‘अँक्शस’ म्हणजे काळजीत की आतुर?

नोकरीच्या अर्जासोबतच्या पत्रात मी ‘आय ॲम अँक्शस टू जॉइन युवर टीम’ असं लिहिलंय. भाची म्हणते, “मामा, तू घाबरलायस असं वाटतं यावरून!” शब्दकोशात चिंतातुर आणि उत्सुक असे दोन्ही अर्थ दिलेत, म्हणजे गोंधळ कायम. उदाहरणं चाळून एवढं कळलं, की पुढे ‘अबाउट’ आलं तर काळजी, ‘टू’ आलं तर तीव्र इच्छा. पण त्या इच्छेतही ‘जमेल ना?’ अशी धाकधूक उरतेच का? (‘नर्व्हस’शी असलेला फरक माहीत आहे, तो नको.) ‘ईगर’ मला जरा उतावळं वाटतं. कंपनी लंडनची आहे, पत्र परवा पाठवायचंय. औपचारिक पत्रात ‘अँक्शस टू’ चालेल, की सरळ ‘कीन टू’ लिहू?