फौजदारी कोर्टाच्या खर्चापोटी जप्ती: सुताराच्या वाकसाला सूट का नव्हती?

मोडीवाचक (धागालेखक)

आमच्या पणजोबांच्या पेटीत 1911 सालचा एक मोडी पंचनामा निघाला. पणजोबा सुतार होते. शेजाऱ्याशी झालेल्या मारामारीवरून मामलेदारांच्या फौजदारी कोर्टात त्यांना पाच रुपये दंड झाला, आणि शिवाय फिर्यादीने भरलेली कोर्ट फी व समन्सांचा खर्च त्यांनी द्यावा असा हुकूम झाला. दंड त्यांनी कोर्टातच भरला. खर्चाचे एक रुपया दहा आणे राहिले, आणि तेवढ्यासाठी पोलिसाने दोन पंचांसमक्ष घरातून जे उचलले त्याची नोंद अशी आहे: "वाकस एक, करवत एक, पटाशी दोन, तांब्याचा हंडा एक, पोचा पडलेला." (वाकस म्हणजे लाकूड तासायचे हत्यार.)

हे कोणत्या कायद्याने झाले ते पाहू लागलो. 1870 च्या कोर्ट फी कायद्यानुसार अदखलपात्र गुन्ह्याच्या फिर्यादीला आठ आण्यांची फी लागत असे, आरोपीला शिक्षा झाली की ती फी आणि समन्सांचा खर्च त्याने फिर्यादीला परत द्यायचा असे, आणि ही रक्कम दंडाप्रमाणे वसूल करता येत असे. दंड कसा वसूल करायचा हे 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 386 मध्ये होते: आरोपीच्या मालकीची कोणतीही जंगम मालमत्ता जप्त करून विकावी. "कोणतीही" हा शब्द तिथे अक्षरशः आहे. हत्यारे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी यांना सूट देणारे एकही वाक्य त्या कलमात नाही.

याउलट दिवाणी बाजूला अशी सूट स्पष्ट लिहिलेली होती. 1882 च्या दिवाणी संहितेने ऋणकोचे व त्याच्या बायकामुलांचे गरजेचे कपडे, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची औते व बैल जप्तीबाहेर ठेवले होते. 1908 च्या संहितेच्या कलम 60 मध्ये स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, हेही आहे. 1882 सालीच फौजदारी संहिताही नव्याने मंजूर झाली होती. म्हणजे एकाच वर्षी, त्याच कौन्सिलाने, एका कायद्यात सुताराची हत्यारे वाचवली आणि दुसऱ्यात वाचवली नाहीत. खुद्द इंग्लंडात 1879 च्या कायद्याने छोट्या फौजदारी कोर्टांच्या जप्तीतून कपडे, अंथरूण आणि पाच पौंडांपर्यंतची धंद्याची हत्यारे वगळली होती. कायदा करणाऱ्यांना हे सुचले नाही असे म्हणायला त्यामुळे जागाच राहत नाही.

खर्च वसूलच करू नये असे माझे म्हणणे नाही. हजारो रुपयांच्या दिवाणी हुकूमनाम्यापुढे जे संरक्षण होते, ते दीड-पावणेदोन रुपयांच्या फौजदारी खर्चापुढे नसावे, हा अन्याय समजून-उमजून केलेला होता असे माझे मत आहे.

जुना नाझर

मी दिवाणी कोर्टात नाझराच्या, म्हणजे समन्स-जप्तीची बजावणी पाहणाऱ्या कोर्ट अधिकाऱ्याच्या, हाताखाली अनेक वर्षे काम केले असून जप्त्या जवळून पाहिल्या आहेत. आपल्या पणजोबांबद्दल वाईट वाटते, पण आपण एका पक्षाबद्दल काहीच लिहिलेले नाही, आणि तो म्हणजे ज्याला मार बसला तो शेजारी. आठ आणे आणि समन्सांचे पैसे त्याने आधी स्वतःच्या खिशातून भरले होते. ते सरकारचे नव्हते, त्याचे होते. अदखलपात्र प्रकरणात पोलीस आपणहून तपास करत नसत, त्यामुळे गरिबाला दाद मागायची तर आधी फी मोजावी लागे, आणि जिंकल्यावरही ती परत मिळणार नसेल तर कोर्टाची पायरी कोण चढले असते?

दुसरे असे की हत्यारांची जप्ती ही बहुतेक वेळा विकण्यासाठी नसतेच. वॉरंटाच्या ठरावीक नमुन्यातच जप्तीनंतर अमुक दिवसांत किंवा तासांत रक्कम न आल्यास माल विकावा, अशी मुदत भरण्यासाठी मोकळी जागा असे. माणूस त्या मुदतीत कुठून तरी पैसे उभे करतो आणि माल सोडवून नेतो. सुताराच्या घरात हत्यारे आणि एक हंडा यांखेरीज जप्त करण्याजोगे असते तरी काय? दोन्हींना सूट दिली असती तर ते वॉरंट पाच मिनिटांत "मालमत्ता मिळून आली नाही" असा शेरा घेऊन परत गेले असते.

इतिहासाचा विद्यार्थी

1928 च्या बारडोलीत म्हशी जप्त केल्या गेल्या, लोक घरांना कुलपे लावून जनावरांसह आत राहिले. सरकारची वृत्ती तीच दिसते. या विषयात ते उदाहरण आलेच पाहिजे.

मोडीवाचक (धागालेखक)

बारडोलीची जप्ती जमीन महसुलासाठी होती आणि ती महसूल अधिकाऱ्यांनी केली. तो कायदा निराळा, म्हणून ते उदाहरण मी मुद्दाम बाजूला ठेवले.

नाझरसाहेबांचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण दिवाणी दाव्यातही पैसे धनकोचेच असतात, सरकारचे नसतात, आणि तरीही कायद्याने धनकोला सांगितले होते की वाकसाला हात लावायचा नाही. मग फौजदारी फिर्यादीचा हक्क धनकोच्या हक्काहून मोठा कशाने ठरला? मुदतीबद्दल म्हणाल तर माल सोडवेपर्यंत सुतार रिकाम्या हातांनी बसतो. ज्या साधनाने तो एक रुपया दहा आणे कमावणार तेच काढून घेऊन त्याच्याकडे पैसे मागायचे, हे मला पटत नाही.

तालुका कोर्टातली वकील

मी पोटगीची प्रकरणे चालवते, आणि माझे मत धागालेखकांच्या विरुद्ध आहे. याच 1898 च्या संहितेचे कलम 488 कोणी पाहिले आहे का? टाकून दिलेल्या बायकोला महिना 50 रुपयांपर्यंत पोटगीचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकत होता, आणि नवऱ्याने ती थकवली तर वसुली दंडाच्याच पद्धतीने, म्हणजे याच जप्तीच्या वॉरंटाने होत असे. जप्तीनंतरही रक्कम बाकी राहिली तरच दर महिन्याच्या थकबाकीमागे एक महिन्यापर्यंत कैद देता येई. आपण मागता ती सूट कलम 386 ला जोडली असती तर तिचा फायदा त्या नवऱ्यालाही मिळाला असता. आजही पोटगीच्या वॉरंटावर "मालमत्ता आढळली नाही" हा शेरा मी इतक्या वेळा वाचते की वसुलीतली प्रत्येक नवी पळवाट मला अशीलाच्या मुलांच्या ताटात दिसते.

आणि जप्ती सैल झाली की तिची जागा तुरुंग घेतो. 1923 च्या दुरुस्तीने फिर्यादीच्या खर्चासाठीसुद्धा, तो न भरल्यास 30 दिवसांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आणली. पणजोबांनी हंडा दिला असता की महिनाभर कैद भोगली असती?

जुना नाझर

वकीलबाईंनी 1923 काढले म्हणून आणखी थोडे. त्याच दुरुस्तीने कलम 386 ची नवी रचना झाली. दंड न भरल्याबद्दलची पूर्ण कैद भोगून झाल्यावर, लेखी खास कारणांशिवाय जप्तीचे वॉरंट काढता येणार नाही असे ठरले. जप्त माल आपला आहे असे सांगणाऱ्या तिऱ्हाइताच्या हक्काचा निकाल झटपट लावण्यासाठी नियम करण्याचा अधिकारही प्रांतिक सरकारांना मिळाला. शिवाय कलेक्टरमार्फत दिवाणी पद्धतीने वसुलीचा मार्ग खुला झाला, आणि त्या मार्गाने गेल्यास दिवाणी सूटही लागू होणार. म्हणजे कायदा सुधारत होता.

मोडीवाचक (धागालेखक)

सुधारत होता हे खरे, पण त्यावरूनच आधी काय चालत असे तेही कळते. 1923 पूर्वी माणूस कैद भोगून घरी आला तरी मागून जप्ती येऊ शकत होती, कारण दंड संहितेच्या कलम 70 नुसार दंड सहा वर्षांपर्यंत वसूल होऊ शकत होता आणि माणूस मेला तरी त्याच्या मालमत्तेवरचा बोजा सुटत नव्हता. एकत्र कुटुंबात हंडा थोरल्या भावाचा की धाकट्याचा, हे दारात उभ्या पोलिसाला कसे कळणार, आणि भावाने हरकत घेतली तर ती ऐकायची कशी, याची रीत संहितेत नव्हती. कलेक्टरचा मार्ग खुला झाला खरा, पण दोन्हींपैकी कोणता वापरायचा, की दोन्ही वापरायचे, हे कोर्टाच्या मर्जीवर राहिले. सुतार ती निवड करू शकत नव्हता.

वकीलबाईंच्या मुद्द्याचे उत्तर देणे मला खरोखर जड जाते. पोटगीसाठी सूट नको हे मी मान्य करतो, आणि तसा अपवाद कायद्यात लिहिता आला असता. पण नवऱ्याची करवत लिलावात गेली तर पुढच्या महिन्याची पोटगी तो कशातून देणार, हाही प्रश्न उरतोच.

तालुका कोर्टातली वकील

उरतो. पण पुढच्या महिन्याचा विचार करायला या महिन्याचे धान्य घरात असावे लागते. पोटगी वगळून फक्त कोर्ट खर्चापुरती हत्यारांना सूट, एवढीच आपली मागणी असेल तर माझा विरोध नाही. भांड्यांबद्दल मात्र अजून माझे मत बनत नाही.

जुना नाझर

एक विचारायचे राहिले. त्या पंचनाम्यावर पुढचा काही शेरा आहे का? माल विकला गेला की सोडवला?

मोडीवाचक (धागालेखक)

मागच्या बाजूला आहे. नवव्या दिवशी रक्कम भरून माल परत घेतल्याची पोच आहे आणि तिच्याखाली पणजोबांचा अंगठा आहे. पैसे व्याह्यांकडून उसने आणले होते असे आजी सांगत असे. पोचेत वाकस, करवत आणि पटाश्यांची नोंद आहे, हंड्याची नाही. तो वेगळा विकला गेला, की लिहिणाऱ्याकडून राहून गेला, हे त्या कागदावरून ठरवता येत नाही.