बडीशेपेचं झाड पुढच्या वर्षासाठी ठेवावं का?

अंगणवाफा: नाशिक, भारी काळी माती. ऑक्टोबरात पिशवीतली रोपं लावली. आता पाच फूट उंच आहेत, पिवळ्या फुलांच्या छत्र्या भरपूर, पण वाऱ्याने कलंडतात. छत्र्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आणि त्याचा चिकटा. बी काढल्यावर उपटायची की ठेवायची?

सोटमूळ: कलंडण्याचं मूळ पिशवीत आहे. बडीशेपेचं सोटमूळ पिशवीच्या तळाशी वळतं, मग झाड खोल धरत नाही. पुढच्या वेळी बी जागेवरच अर्धा इंच खोल टोका, दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर. उगवायला आठ ते चौदा दिवस लागतात. मुखवासाची बारीक हिरवी बडीशेप पेरू नका, ती कोवळी तोडलेली असते.
आत्ता बांबू लावाच, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर मुळात घुसेल. सुतळी आठच्या आकड्यात, सैल.

खोडवा: ठेवा. सगळ्या छत्र्या एकदम पिकत नाहीत. शेंड्याची आधी, बाजूच्या मागून. बी हिरवट-पिवळं झालं की तेवढीच छत्री कापून सावलीत वाळवा. सगळं निघालं की दांडे जमिनीपासून चार-पाच इंचांवर छाटा, घमेलंभर शेणखत, पाचटाचं आच्छादन. बुडातून नवे फुटवे येतात.

रानमाती: खोडव्याच्या सल्ल्याला माझी एक पुरवणी. नाशिकच्या काळ्या मातीत उन्हाळा निघतो, झाड मरतं पावसाळ्यात. बुडाशी पाणी साचलं की मूळ कुजतं आणि वरचे फुटवे एका आठवड्यात पिवळे पडतात. निचरा करता येत नसेल तर दरवर्षी नवी पेरणी बरी. मोठं झाड उचलून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका, सोटमूळ तुटतं.

अंगणवाफा: निचरा म्हणजे नेमकं काय करू?

रानमाती: मे महिन्यात झाडांच्या ओळीपासून दीड फुटावर वीतभर खोल चर, उताराच्या दिशेने मोकळा. नवी लागवड असेल तर फूटभर उंच गादीवाफा.

सोटमूळ: माव्याचं राहिलंच. युरिया दिला असेल तर बंद करा, लुसलुशीत वाढीवर मावा जास्त बसतो. फार भरलेल्या छत्र्या कापून टाका. बाकीच्यांवर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, चिमूटभर साबण, आणि तेही संध्याकाळी. दिवसा त्याच फुलांवर मधमाश्या असतात. ढालकिड्याच्या (लेडीबर्ड) अळ्या दिसल्या तर फवारूच नका, त्या मावाच खातात.