नवले पूल: अंगण वाकडं की नाचणारा?

नऱ्हेकर:
रोज दुचाकीवरून पुण्यात मुंबई-बंगळुरू महामार्गावरच्या नवले पुलाशी येतो. मागे जड गाडीचा हॉर्न वाजला की अजूनही खांदे आखडतात. २० नोव्हेंबर २०२२ ला एका गाडीच्या तडाख्यात सुमारे ४८ वाहनं सापडली. १३ नोव्हेंबर २०२५ ला दोन अवजड गाड्यांमध्ये कार चिरडून पेटली, आठ जण गेले. आधी कानावर येतं ते 'ब्रेक फेल', मग ड्रायव्हरला शिव्या. ड्रायव्हर वेगळा, माल वेगळा, जागा तीच! नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, सगळा उतार. आणि त्याच्या तोंडाशी शहराची गर्दी. दोष रस्त्याचा आहे.

पेठकरी:
नाचता येईना, अंगण वाकडं. त्याच उतारावरून रोज शेकडो ट्रक सुखरूप उतरतात, त्यांना वेगळा रस्ता दिलाय का? चार पैशांच्या डिझेलसाठी न्यूट्रल करून गाडी सोडणाऱ्याचं लायसन्स आधी रद्द करा.

गाडीमालक:
माझ्या दोन गाड्या या रस्त्याने मुंबईला जातात, म्हणून बोलतो. न्यूट्रल केलं की इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर. ब्रेकचे लायनर (चाकाला घासून धरणारे पट्टे) तापतात आणि मग पेडल कितीही दाबा, गाडी थांबत नाही. कुणी इंजिनच बंद केलं तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, दोन-चारदा ब्रेक मारले की हवा उतरते. म्हणजे बऱ्याचदा ब्रेक 'फेल' होत नाही, केला जातो. गंमत म्हणजे बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्येच इंजिन नुसतं चालू राहायला डिझेल पितं. हे जुन्या ड्रायव्हरला सांगायला गेलं की तो हसतो. वीस वर्षं असंच चालवलंय म्हणतो.

पेठकरी:
म्हणजे माझंच खरं.

नऱ्हेकर:
अर्धं. माणूस चुकणारच, हे धरूनच घाटरस्ता बांधायचा असतो. सुटलेली गाडी घुसवायला खडीची चढती वाट हवी, चाकं रुतून ती थांबते. आणि कॅमेरा एकाच खांबावर नको. तिथे ब्रेक मारायचा, पुढे सोडायची, हे सगळ्यांना पाठ आहे. बोगद्यापाशी आणि पुलापाशी वेळ नोंदवा, सरासरी वेग काढा. ऐंशीचा वेग चाळीसवर आला की धडकेचा जोर निम्मा नाही, पाव होतो.

वडगावची_सूनबाई:
तुम्ही ट्रकवर भांडताय, आणि आपले दुचाकीवाले? सर्व्हिस रोडवरून उलटे येतात, लेकरू पुढे उभं, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. हेल्मेट म्हटलं की पुण्याचा स्वाभिमान जागा होतो.

पेठकरी:
ताई, हेल्मेटचा विषय काढू नका. पेठेत वीसच्या वेगात कशाला हवं?

वडगावची_सूनबाई:
वीसच्या वेगात डोकं डांबरावर आपटलं तर डांबर मऊ होतं का, काका?

नऱ्हेकर:
सूनबाई, उलटं येणाऱ्यांत मीही होतो. सरळ जायचं तर लांबून वळसा पडतो आणि सर्व्हिस रोड मध्येच तुटतो. समर्थन करत नाही, गेल्या महिन्यापासून वळसा घेतोय. बारा मिनिटं जास्त लागतात.

गाडीमालक:
खडीच्या वाटेला जागा कुठे आहे पण? दोन्हीकडे इमारती उभ्या राहिल्यात.