प्रति: आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर पक्षी नाहीत?

पौर्णिमेला पहाटे सहाला आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर गेलात आणि दोन-चार कुरव सोडून काहीच दिसलं नाही, असं तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये म्हटलंय. पक्षी कमी झाल्याची काळजी मलाही आहे, पण त्या दिवसाचं कारण वेगळं असावं. पौर्णिमेला भरती साधारण सव्वाअकरा-बाराला, म्हणजे सहाला ओहोटी. तेव्हा पाणी पार लांब गेलेलं असतं आणि पक्षी त्याच्या कडेला पांगून चरत असतात. घड्याळापेक्षा तिथी बघा. भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा जुना हिशेब, तिथीला तिनाने गुणून चाराने भागायचं; दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. भरतीच्या दोन तास आधी पोचायचं. पाणी चढतं तसे पक्षी वरच्या कोरड्या वाळूवर गोळा होतात.

गेल्या माघात असाच बसलो होतो. लडाख-तिबेटकडून येणारे छोटे चिखले (प्लोव्हर पक्षी), मूठभर जीव, माणसांच्या पावलांच्या खळग्यांत वाऱ्याकडे तोंड करून बसलेले. दुर्बीण लावेपर्यंत वाळूच वाटली! कृपा करून तेव्हा जवळ जाऊ नका, कुत्रीही मोकळी सोडू नका. ती त्यांची विश्रांतीची वेळ असते.