टायर रोटेशन: स्विफ्ट, बोलेरो आणि थारला एकच पद्धत चालेल का?

सडेकर:
घरच्या तीन गाड्या आहेत: स्विफ्ट, बोलेरो आणि थार फोर बाय फोर. फेऱ्या देवगड-कणकवली, मधूनच फोंडा घाट. टायरवाला तिन्हींची पुढची चाकं मागे नि मागची पुढे घालतो, त्याच बाजूला. म्हणतो, रेडिअल (आजचे नेहमीचे टायर) क्रॉस, म्हणजे डावीकडचे उजवीकडे, करायचे नसतात. खरं आहे का? स्विफ्टची नक्षी पुढे 4 मिमी, मागे 6.5 मिमी उरलीय. पाऊस तोंडावर आहे, आत्ता करून घेऊ का?

पाना२१:
क्रॉस न करण्याचा सल्ला सुरुवातीच्या रेडिअलांचा, आता लागू नाही. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तरच त्याच बाजूला ठेवायचा. नुसतं 'आउटसाइड' लिहिलेलं असेल तर क्रॉस चालतो.

स्विफ्टची पुढची सरळ मागे, मागची क्रॉस करून पुढे. बोलेरो नि थारचं उलट: मागची सरळ पुढे, पुढची क्रॉस करून मागे.

थारची स्टेपनी त्याच मापाची नि त्याच नक्षीची असेल तर तिलाही फिरवा. स्टेपनी मागे उजवीकडे, पुढची डावी स्टेपनीच्या जागी, पुढची उजवी मागे डावीकडे, मागची दोन्ही सरळ पुढे. थारला मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही. पुढच्या-मागच्या टायरांचा घेर वेगळा झाला की फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर. (कोरड्या डांबरावर फोर-हाय लावूच नका, टायर कितीही सारखे असोत.)

खारावारा:
पद्धत बरोबर, पण स्विफ्टला आत्ता हात लावू नका. 4 मिमीवाले मागे गेले की ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते. पुढची घसरली तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी बहुधा सावरता येते. मागची सुटली की गाडी गरकन फिरते, आणि घाटात फिरायला जागा कुठे असते? पुढचे 3 मिमीच्या आसपास आले की दोन नवे घ्या. नवे मागे, आत्ताचे मागचे पुढे. यापुढे दर 8,000 किमीला केलंत तर फरक एवढा वाढणारच नाही.

आणि टायर आतल्या कडेला खाल्ले असतील तर आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). तळहात नक्षीवरून आडवा फिरवा: एका बाजूने गुळगुळीत नि परतताना करवतीसारखं लागलं तर टो (चाकं आत-बाहेर वळल्याचा कोन) बिघडलाय. तसंच रोटेशन केलं तर चांगले टायरही त्याच वाटेने जातील.

सडेकर:
स्विफ्ट राहू दे तर. बोलेरोचं घरीच करायला घेतलं, पण सगळे नट काढूनही मागचं चाक निघत नाही.

पाना२१:
खाऱ्या हवेने रिम हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) धरलीय. नट परत चढवा, दोन-तीन आटे सैल ठेवा आणि टायरवर रबरी हातोडा आळीपाळीने वर-खाली मारा. नट असले की चाक अंगावर येत नाही. जॅकखाली फळी घाला, भिजलेल्या लाल मातीत तो तिरका होतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून जांभ्याचे दगड लावा.

चाक सुटलं की हब नि रिमचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा, हबच्या मधल्या कड्याला ग्रीसचं एक बोट पुरे. बोल्टच्या आट्यांना ग्रीस नको: पाना तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवतो, पण बोल्ट जास्त ताणला जातो. नट समोरासमोरचे आवळत जा, टॉर्क हँडबुकातला, आणि 50-100 किमीनंतर पुन्हा तपासा. पुढच्या-मागच्या हवेचा आकडा वेगळा असेल तर तीही नव्या जागेप्रमाणे भरा, हे हमखास राहतं.